एमएसचे डाग एमआरआयवर वर्षानुवर्षं कसे ट्रॅक करायचे: पेशंट आणि घरच्यांसाठी

एमएसमध्ये, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, एकाच एमआरआय स्कॅनवरून फार काही ठरत नाही. मागचा स्कॅन आणि आत्ताचा स्कॅन शेजारी-शेजारी ठेवले की मग कळतं आजार शांत आहे का आतल्या आत चालूच आहे, औषध काम करतंय का बदलायची वेळ आलीय. आणि आपल्याकडे नेमकी हीच तुलना धड होत नाही, कारण पहिला स्कॅन नाशिकला झालेला असतो, दुसरा पुण्याला, तिसरा जिथे लवकर नंबर लागला तिथे, प्रत्येक ठिकाणचं मशीन वेगळं, स्लाइसची, म्हणजे फोटोतल्या एकेका कापाची, जाडी वेगळी, आणि जुनी सीडी तर कुणाकडेच नसते, नुसता रिपोर्टचा कागद असतो. माझ्या ताईला एमएस आहे, तिची फाइल मी सांभाळतो, त्यातून आणि डॉक्टरांना विचारून-विचारून जे कळलं ते पायरीपायरीने लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय न्यूरोलॉजिस्टचाच, पण त्यांच्यासमोर तुलना करता येईल असे स्कॅन ठेवणं हे बरंचसं आपल्या हातात असतं.

आधी काय बघायचंय ते समजून घ्या

एमएसमध्ये आपलीच इम्यून सिस्टिम मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेतल्या मायलिनवर, म्हणजे तंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते. जिथे हल्ला झाला तिथे सूज येते, मायलिन जातं आणि तो भाग एमआरआयवर डागासारखा दिसतो, रिपोर्टात त्याला लीझन किंवा प्लाक म्हणतात. सीटी स्कॅनला हे नीट दिसत नाही. १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये एमएसच्या १० पेशंटचे दोन्ही स्कॅन केले, तेव्हा सीटीत १९ डाग सापडले आणि एमआरआयने त्याशिवाय आणखी ११२ दाखवले.

एका एमआरआयमध्ये फोटोंचे बरेच सेट असतात, त्यांना सिक्वेन्स म्हणतात, आणि प्रत्येक सेट वेगळं काहीतरी सांगतो. आपल्याला चार माहीत असले तरी पुष्कळ झालं.

फ्लेअर हा सगळ्यात कामाचा. यात मेंदूतलं पाणी काळं दिसतं आणि डाग पांढरे, त्यामुळे पाण्याच्या कप्प्यांना चिकटून असलेले डागही उठून दिसतात. टी२ मध्ये पाणीही पांढरं आणि डागही पांढरे, पण मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात, म्हणजे ब्रेनस्टेम आणि सेरेबेलममध्ये, फ्लेअरला जे सुटतं ते टी२ मध्ये सापडतं, म्हणून दोन्ही लागतात. टी१ मध्ये काही डाग काळे दिसतात, त्यांना ब्लॅक होल म्हणतात. नवीन डाग सुजेमुळे काही काळ काळा दिसू शकतो पण सहा महिने-वर्ष उलटूनही काळाच राहिला तर तिथले तंतूच कायमचे गेले असं समजतात. आणि चौथा, कॉन्ट्रास्ट देऊन केलेला टी१. गॅडोलिनियमचं इंजेक्शन शिरेतून देतात, ज्या डागात सध्या सूज चालू आहे तिथे रक्तवाहिन्यांची भिंत गळकी झालेली असते, गॅडोलिनियम तिथे झिरपतं आणि तो डाग चमकतो. ही चमक साधारण ३ आठवडे टिकते, कधी ६ ते ८ आठवडे. म्हणजे चमकणारा डाग दिसला तर हल्ला अलीकडचा आहे. जुने डाग मात्र फ्लेअरवर वर्षानुवर्षं पांढरे दिसत राहतात, म्हणून नुसत्या पांढऱ्या डागाकडे बघून तो गेल्या महिन्यातला का दहा वर्षांपूर्वीचा हे सांगता येत नाही. तुलना लागते ती यासाठीच.

डाग कुठे आहेत त्यालाही फार महत्त्व आहे. एमएसच्या ठरलेल्या जागा म्हणजे पाण्याच्या कप्प्यांच्या कडेला, मेंदूच्या वरच्या सालीत किंवा सालीला लागून, मागे-खाली ब्रेनस्टेम-सेरेबेलममध्ये, आणि मज्जारज्जूत. निदानाचे जे मॅकडोनल्ड निकष आहेत त्यांच्या २०१७ च्या आवृत्तीत या चार जागा आहेत, २०२४ च्या सुधारणेत डोळ्याची नस ही पाचवी जागा धरलीय. कप्प्यांच्या कडेचे डाग लांबट असतात आणि कप्प्याला काटकोनात उभे राहतात, कारण ते बारीक शिरांच्या भोवतीने वाढतात. एडिनबराच्या जेम्स डॉसनने १९१६ मध्ये पेशींच्या तपासणीत हे वर्णन केलं होतं, म्हणून रिपोर्टात डॉसन्स फिंगर्स असं लिहिलेलं दिसतं. घाबरू नका, ती डागांची मांडणी आहे, वेगळा आजार नाही.

पायरी १: सेंटर आणि प्रोटोकॉल एकदाच नीट ठरवा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. प्रोटोकॉल म्हणजे कुठले सिक्वेन्स, किती जाडीच्या स्लाइसने घ्यायचे ते. डोकेदुखी-चक्कर यासाठी जो रूटीन ब्रेन एमआरआय करतात त्यात बऱ्याचदा ५ मिलिमीटर जाडीचे स्लाइस असतात आणि दोन स्लाइसच्या मध्ये थोडी जागा सोडलेली असते. एमएसचा डाग मोजायला किमान ३ मिलिमीटरचा असावा लागतो. आता ३ मिलिमीटरचा डाग ५ मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये अंधुक होतो किंवा मधल्या जागेत पूर्ण हरवतो, आणि पुढच्या वर्षी डोकं थोडं वेगळ्या कोनात ठेवलं की तोच डाग लख्ख दिसतो आणि रिपोर्टात नवीन डाग म्हणून येतो. त्या एका ओळीवरून औषध बदललं जाऊ शकतं! म्हणून युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मिळून २०२१ मध्ये ज्या शिफारशी दिल्या त्यात थ्रीडी फ्लेअर हा मुख्य सिक्वेन्स धरलाय, १ मिलिमीटरच्या स्लाइसचा. थ्रीडी होत नसेल तर टूडी चालेल पण ३ मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि मध्ये गॅप नको.

मशीन किमान १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) हवं, ३ टेस्ला मिळालं तर उत्तम. पण माझं स्पष्ट मत सांगतो, एक वर्ष ३ टेस्ला आणि पुढच्या वर्षी १.५ असं करण्यापेक्षा दर वर्षी त्याच चांगल्या १.५ वर, त्याच प्रोटोकॉलने करणं जास्त उपयोगाचं. ३ टेस्लावर बारीक डाग जास्त दिसतात, त्यामुळे मशीन बदललं की डागांची संख्या नुसती मशीनमुळेच वाढू शकते. मशीन बदलावंच लागलं तर रिपोर्टात तसं लिहायला सांगा.

न्यूरोलॉजिस्टकडून चिठ्ठी घेताना नुसतं एमआरआय ब्रेन असं लिहून घेऊ नका. त्यात एमएस फॉलोअप, एमएस प्रोटोकॉल, थ्रीडी फ्लेअर, मागच्या स्कॅनशी तुलना हवी, हे सगळं असू द्या. आणि सेंटरला नंबर लावताना फोनवर विचारा की थ्रीडी फ्लेअर करता का. रिसेप्शनला माहीत नसतं बऱ्याचदा, टेक्निशियनशी बोलायचंय म्हणा, ते लगेच सांगतात.

मज्जारज्जूचा स्कॅन पहिल्या निदानाच्या वेळी करतात. नंतर दर वर्षी लागतोच असं नाही, पण पायात नव्याने बधिरपणा, लघवीचा त्रास, मान वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होणं असं काही असेल आणि मेंदूच्या स्कॅनमधून खुलासा होत नसेल तर तो करावा लागतो.

पायरी २: कॉन्ट्रास्ट दर वेळी लागतो का

नाही लागत, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नाही. निदानाच्या वेळी कॉन्ट्रास्ट महत्त्वाचा, कारण एकाच स्कॅनमध्ये चमकणारे आणि न चमकणारे असे दोन्ही डाग दिसले तर हल्ले वेगवेगळ्या वेळी झालेत हे सिद्ध होतं. पण नंतरच्या वर्षांत मागचा स्कॅन त्याच प्रोटोकॉलचा हातात असेल तर नवीन डाग फ्लेअरवरच सापडतो, मग गॅडोलिनियम कशाला. जुना स्कॅन नसेल, डाग इतके जास्त आणि एकमेकांत मिसळलेले असतील की नवा ओळखता येत नाही, किंवा डॉक्टरांना वेगळाच काही संशय असेल तर देतात.

गॅडोलिनियमचे थोडे अंश मेंदूत साठून राहतात हे गेल्या दहा-बारा वर्षांत लक्षात आलं. त्यातून नुकसान होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण युरोपात २०१७ मध्ये जास्त साठणाऱ्या लिनिअर प्रकारच्या बऱ्याच कॉन्ट्रास्टवर बंधनं आली. मॅक्रोसायक्लिक प्रकारचे, जसं गॅडोब्युट्रॉल किंवा गॅडोटेरेट, कमी साठतात. तर विचारा कुठलं देणार आहात. किडनीचा त्रास असेल तर आधी क्रिएटिनिन करून न्या. प्रेग्नन्सीत कॉन्ट्रास्ट टाळतात, बाळाला अंगावर पाजत असाल तर पाजणं थांबवायची गरज सहसा नसते, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

अजून एक, इंजेक्शन दिल्यावर किमान ५ ते १० मिनिटं जाऊ द्यावी लागतात, लगेच फोटो काढले तर चमकणारा डागही सुटतो. आणि अचानक रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, आला असेल, स्टेरॉइडची सलाईन सुरू होणार असेल आणि स्कॅन त्याच दिवशी होण्यासारखा असेल तर आधी स्कॅन झालेला बरा, कारण मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने चमक झपाट्याने विझते. पण स्कॅनसाठी स्टेरॉइड अडवून ठेवायचं नाही, हे पक्कं.

पायरी ३: स्कॅनचा दिवस

मंगळसूत्र, जोडवी, नथ, पिना, सगळं घरीच काढून जा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, बॅक्लोफेनचा पंप, कुठलाही इम्प्लांट असेल तर नंबर लावतानाच सांगा. एमएसमध्ये लघवीची घाई असते म्हणून आत जायच्या अगदी आधी जाऊन या, पायात ताठरपणा असेल तर गुडघ्याखाली उशी मागा, ते देतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून सौम्य गोळी घेता येते.

हलायचं नाही हे सगळेच सांगतात, पण चुकून हललात, खोकला आला, तर टेक्निशियनला त्याच वेळी सांगा आणि फ्लेअर पुन्हा घ्यायला लावा. हललेला फ्लेअर घरी आणून काही उपयोग नाही.

पायरी ४: डेटा हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नका

मोठ्या काळ्या फिल्म तुलनेला जवळजवळ निरुपयोगी असतात, त्यावर बारके-बारके निवडक फोटो छापलेले असतात. आपल्याला हवा पूर्ण डायकॉम डेटा, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइली, सीडीवर, पेनड्राइव्हवर किंवा लिंकवर. लिंक काही दिवसांनी बंद होते, त्यामुळे त्याच आठवड्यात डाउनलोड करा. सीडीचं तर सांगायलाच नको, चार वर्षांनी ती चालेल याची खात्री नाही आणि लॅपटॉपला ड्राइव्हही नसतो आता. म्हणून दोन ठिकाणी कॉपी करा, फोल्डरचं नाव तारखेने द्या, आधी वर्ष मग महिना, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. त्याच फोल्डरमध्ये रिपोर्टचा फोटो आणि सेंटर, मशीन किती टेस्ला, कॉन्ट्रास्ट कुठला, त्या वेळी चालू औषध कुठलं, इतकं लिहिलेली छोटी फाइल ठेवा.

जुने स्कॅन वेगवेगळ्या शहरातल्या सेंटरांत असतील तर आजच फोन करा. सगळीकडे डेटा कायमचा ठेवत नाहीत.

पायरी ५: घरी उघडून शेजारी-शेजारी बघा

हे करायलाच पाहिजे असं नाही. काहींना स्वतःच्या मेंदूचे फोटो बघून झोप लागत नाही, त्यांनी ही पायरी सोडून द्यावी, काही बिघडत नाही. ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी, विंडोजवर मायक्रोडायकॉम, मॅकवर हॉरॉस, आणि जरा शिकायची तयारी असेल तर थ्रीडी स्लायसर, जे पूर्ण मोफत आहे. दोन्ही तारखांचे फोल्डर आत घ्या, यादीतून ज्याच्या नावात फ्लेअर आहे ती सिरीज दोन्हीकडून निवडा आणि स्क्रीन दोन भागात करा. दोन्ही एकत्र सरकतील अशी लिंकची सोय असते ती चालू करा.

मग स्लाइस जुळवा. कप्प्यांचा आकार, डोळ्यांचे गोळे दिसायला लागतात ती जागा, या खुणा धरून दोन्हीकडे तीच पातळी आणा. डोकं तिरपं असेल तर डावी बाजू जुळते आणि उजवी नाही, असं झालं तर त्या स्लाइसवरून निष्कर्ष काढू नका. थ्रीडी स्लायसरमध्ये एक स्कॅन दुसऱ्यावर बसवायची सोय आहे, रजिस्ट्रेशन म्हणतात, ती केली तर तिरपेपणा जातो. स्क्रीनवरचा डावा भाग हा पेशंटचा उजवा असतो, कडेला आर आणि एल अक्षरं असतात ती बघा.

नवीन डाग म्हणायचा तर तो आधीच्या स्कॅनमध्ये त्याच जागी नव्हता, ३ मिलिमीटर किंवा मोठा आहे, आणि लागोपाठच्या स्लाइसमध्ये किंवा दुसऱ्या सिक्वेन्समध्येही दिसतोय. एकाच स्लाइसमध्ये एकाच सिक्वेन्सवर दिसणारा ठिपका बऱ्याचदा रक्ताच्या प्रवाहाचा किंवा हलण्याचा दोष असतो. जे सापडेल त्याचा स्क्रीनशॉट काढा, स्लाइसचा नंबर लिहा आणि डॉक्टरांना प्रश्न म्हणून दाखवा. एआय चॅटबॉटला किंवा ग्रुपवर टाकायचा मोह होतो, पण डायकॉम फाइलमध्ये नाव, वय, तारीख सगळं असतं हे लक्षात ठेवा, आणि एका सुट्या फोटोवरून कुणीच तुलना करू शकत नाही.

पायरी ६: रिपोर्टात काय असायला हवं

मल्टिपल टी२ फ्लेअर हायपरइंटेन्सिटीज, लाइकली डिमायलिनेटिंग (बरेच पांढरे डाग, बहुधा मायलिन गेल्याचे), एवढंच लिहिलेला फॉलोअप रिपोर्ट अर्धवट आहे. कुठल्या तारखेच्या स्कॅनशी तुलना केली, नवीन डाग किती आणि कुठे, वाढलेले किती, चमकणारे किती, ब्लॅक होल आहेत का, हे त्यात पाहिजे. नसेल तर रेडिओलॉजिस्टला जुना डेटा देऊन तुलना जोडून द्यायची विनंती करा. त्यासाठी जुनी सीडी स्कॅनच्या दिवशीच काउंटरवर द्या, नंतर दिली तर ती बाजूलाच पडून राहते.

मग आपला तक्ता. तारीख, औषध, नवीन डाग, वाढलेले, चमकणारे, त्या काळात झालेले रिलॅप्स, चालण्यातला फरक. वहीचं एक पान पुरतं. न्यूरोलॉजिस्टकडे पाच-दहा मिनिटं मिळतात, त्यात हे एक पान जाड फाइलपेक्षा जास्त काम करतं.

कधी-कधी स्कॅन करायचा

निदानाचा पहिला स्कॅन. औषध सुरू झाल्यावर ३ ते ६ महिन्यांनी एक, आणि हाच पुढचा पाया धरायचा. कारण औषध लागू पडायला वेळ लागतो, त्या मधल्या काळात आलेले डाग औषधाच्या नावावर मांडले तर चांगलं औषध उगाच बंद होतं. त्यानंतर साधारण वर्षाला एक. बरीच वर्षं सगळं स्थिर असेल तर डॉक्टर अंतर वाढवतात. औषध बदललं की पुन्हा नवा पाया. बाळंतपणानंतर पहिल्या ३ महिन्यांत रिलॅप्सचं प्रमाण वाढतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी एक स्कॅन करून घेतात.

नॅटालिझुमॅब या एमएसच्या औषधावर असाल तर नियम वेगळा. जेसी व्हायरसमुळे पीएमएल नावाचं मेंदूचं गंभीर इन्फेक्शन होऊ शकतं, याच कारणाने २००५ मध्ये हे औषध बाजारातून काढलं होतं आणि २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटीवर परत आलं. जेसी व्हायरसची टेस्ट पॉझिटिव्ह, इंडेक्स जास्त आणि औषध दीड वर्षापेक्षा जास्त चालू असेल तर दर ३ ते ४ महिन्यांनी छोटा स्कॅन करतात, फ्लेअर, टी२ आणि डिफ्यूजन नावाचा आणखी एक सिक्वेन्स, कारण पीएमएल लक्षणांच्या आधी एमआरआयवर दिसू शकतो. हे स्कॅन पुढे ढकलू नका, लग्नकार्य असो की परीक्षा.

जिथे लोकांचा गोंधळ होतो

डाग आणि त्रास यांचं प्रमाण जुळत नाही. मेंदूत भरपूर डाग असलेला माणूस नोकरी करून ट्रेनने येतो-जातो आणि मज्जारज्जूत एकच डाग असलेल्याला चालणं कठीण होतं, कारण तिथे जागा अरुंद आणि सगळे तंतू एकत्र. उलट बाजूने, उपचार नसताना रिलॅप्सपेक्षा नवीन डाग ५ ते १० पट जास्त वेळा येतात, म्हणजे बरं वाटतंय म्हणून स्कॅन टाळला तर बरंचसं नजरेआड होतं. डाग वाढले नाहीत तरी हळूहळू चालणं बिघडतंय असंही होतं, तेव्हा रिपोर्टात स्टेबल लिहिलंय म्हणून गप्प बसू नका, त्रास मोकळेपणाने सांगा.

मेंदू आकसतोय असं रिपोर्टात वाचून लोक हादरतात. निरोगी प्रौढ माणसाचाही मेंदू वर्षाला ०.१ ते ०.३ टक्के कमी होतो, एमएसमध्ये उपचाराशिवाय साधारण ०.५ ते १.३ टक्के. पण एकाच पेशंटच्या दोन स्कॅनमधला असा फरक पाणी कमी प्यायल्याने, स्टेरॉइडने, मशीन बदलल्यानेही येतो, म्हणून त्या एका आकड्यावर औषध ठरवत नाहीत.

आणि प्रत्येक पांढरा डाग एमएस नसतो. मायग्रेन, बीपी, शुगर, वय यानेही बारीक ठिपके येतात. आपल्याकडे टीबी आणि डोक्यातले कृमी, न्यूरोसिस्टिसर्कोसिस, यांचे कॉन्ट्रास्टने कडेला चमकणारे डाग असतात. त्यांची चमक सहसा पूर्ण गोल असते, एमएसची बऱ्याचदा एका बाजूला उघडी. एनएमओ आणि मॉगॅड हे तर एमएससारखेच वाटणारे पण वेगळे आजार, आणि एमएसची काही औषधं एनएमओत उलट त्रास वाढवतात. मज्जारज्जूत लांबच लांब डाग असेल किंवा दोन्ही डोळे एकदम गेले असतील तर या दोन आजारांसाठीची रक्ताची अक्वापोरिन-४ आणि मॉग अँटीबॉडी टेस्ट झाली का ते विचारा. हल्ली एसडब्ल्यूआय नावाच्या सिक्वेन्सवर डागाच्या मध्यातून जाणारी शीर दिसते का तेही बघतात. ती बऱ्याच डागांत दिसली तर एमएसच्या बाजूने कौल जातो, आणि २०२४ च्या निकषांत तिला जागा मिळालीय.

अपॉइंटमेंटला जाताना एवढं विचारा: मागच्या स्कॅननंतर नवीन काही आहे का, असेल तर ते औषध लागू पडायच्या आधीचं की नंतरचं, पुढचा स्कॅन कधी आणि कॉन्ट्रास्टशिवाय चालेल का. उत्तरं तिथेच बसून तक्त्यात लिहून घ्या. आणि पुढच्या स्कॅनची चिठ्ठी त्याच दिवशी, प्रोटोकॉलसकट, मागून घ्या.